घरात आणखी कोण खोकतं?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका तरुण बाईंना क्षय निघाला. मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. मला हा आजार होऊन गेलाय, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "बाई, तुम्ही कसं निभावलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी त्यांना धीर दिला. गोळ्या चुकवू नका, चार महिन्यांनी बरं वाटायला लागलं की औषध सोडावंसं वाटतं, तेव्हा तर मुळीच सोडू नका, अंडी खा, दुपारी आडव्या व्हा. त्यांचा चेहरा जरा हलका झाला. पण घरी चालत येताना माझंच मन मला खात होतं. त्या बाईंचे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, पदरात दोन लहान पोरं आहेत. त्यांना जे खरं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना औषधाचं सांगितलं. औषध तर डॉक्टर सांगतातच.

उरलेलं इथं लिहिते.

आई आमच्याकडे आली ती

दहा-बारा वर्षं झाली याला. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, हे सरकारी कचेरीत कारकून. थोरली नंदा आठ वर्षांची, धाकटी रेखा तिसऱ्या वर्षात.

रेखा झाल्यावर माझी रजा संपत आली, तेव्हा मी कुरुंदवाडला जाऊन आईला घेऊन आले. वडील वारले होते. आई माझ्या भावाकडे, दादाकडे राहत होती. तिचं आणि वहिनीचं फारसं जमत नव्हतं. "आईला सांभाळायला आणलंय," असं मी पेठेतल्या बायकांना सांगायचे. खरं तर माझ्या मुली सांभाळायला मी तिला आणलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण मी लोकांना त्यातली शोभेलशीच सांगत होते.

लेकीच्या घरी कायमचं राहायचं, हे त्या काळी लोकांच्या डोळ्यांवर येई. ह्यांनी कधी शब्द काढला नाही. पण ते काढतील, या भीतीनं मी आईला घरात जणू नसल्यासारखं ठेवलं होतं. तिनं काही मागू नये, तिचं काही दुखू नये, तिच्यापायी कुणाला दवाखान्यात जावं लागू नये, असं मला वाटायचं. तीही तशीच वागायची.

तिला खोकला होता. "दमा हाय. माझ्या बापालाबी हुता," ती म्हणायची, आणि अडुळशाचा काढा करून प्यायची. आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची. एकदा सकाळी मोरीत तिचं फडकं धुताना मला त्यावर लाल दिसलं. मी तिच्याकडे बघितलं.

"दाढंतनं आलं," आई म्हणाली. "किडलीया न्हवं ती."

त्या आठवड्यात शाळेत शिक्षणखात्याचे दिपोटी तपासणीला येणार होते. आईला दवाखान्यात न्यायचं तर रजा कुठली, आणि रेखाला कोण बघणार? मी म्हटलं, "मिठाच्या पाण्यानं चूळ भर." आणि फडकं पिळून वाळत घातलं.

ते रक्त दाढेतलं नव्हे, हे मला ठाऊक होतं. हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

रेखा आईच्या कुशीतच झोपायची. दाढा यायच्या आधी आई तिला भाकरी आपल्या तोंडात चावून, मऊ करून भरवायची. तिनं आम्हा भावंडांना तसंच वाढवलं होतं. मी शाळेतून यायचे, तेव्हा रेखाचं पोट भरलेलं असायचं, केस विंचरलेले असायचे. मला बरं वाटायचं.

काचेपुढं धरलेला फोटो

पुढच्या पावसाळ्यानंतर मला संध्याकाळचा ताप यायला लागला. रात्री घामानं अंग भिजे. पोलकी सैल झाली, तशी मी ती आत घेऊन शिवली. शाळेतल्या बायका म्हणाल्या, "बारीक झालात, छान दिसता." मीही हसायचे.

एक दिवस पाढे म्हणवून घेताना ठसका लागला आणि रुमालावर रक्त आलं. मुलांना दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलं पाढे म्हणतच होती. सतरा पाचे पंच्याऐंशी.

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी फोटो खिडकीच्या काचेपुढं धरला आणि वरच्या बाजूला एक ढगासारखा पांढरा डाग बोटानं दाखवला. "टीबी आहे," ते म्हणाले. "आता यावर औषध आहे. घाबरायचं कारण नाही. पण दीड वर्षं औषध घ्यावं लागेल, एक दिवसही चुकवायचं नाही."

मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कोण खोकतं?"

हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "कोणी नाही."

त्या दोन शब्दांना किती वेळ लागला असेल? मी ठरवून खोटं बोलले नाही, ते तोंडातून आपोआप आलं. आईचं नाव घेतलं असतं, तर आई गेली असती. आई गेली तर मुली कोण बघणार, आणि मुली कोणी बघणार नसेल तर मी नोकरी कशी करणार? हे सगळं मनात झरकन फिरून गेलं असणार. ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्यांना आईचा खोकला रोज ऐकू येत होता. पण तेही काही बोलले नाहीत. कदाचित त्यांना तो दमाच वाटत असेल.

बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "चहा घेऊया?" आम्ही चहा घेतला. मी कपाकडे बघत होते. हा कप धुऊन दुसऱ्या कुणाला देतील, असं मनात आलं आणि मी कप अर्धाच ठेवला.

रेखाच्या मानेवरची गाठ

रोज सकाळी शाळेच्या आधी मी इंजेक्शनाला जायचे. आईला मी सांगितलं होतं, "ताकदीची सुई आहे."

असे सतरा-अठरा दिवस गेले असतील. रविवारी रेखाला न्हाऊ घालताना माझ्या हाताला तिच्या मानेवर सुपारीएवढी गाठ लागली. कानाखाली, डाव्या बाजूला. तिचं अंगही कोमट होतं. आई पाटावर बसली होती. म्हणाली, "चार दिस झालं, जेवाय मागंना बघ पोरगी."

दुसऱ्या दिवशी मी रेखाला उचलून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गाठ चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, अगदी त्याच शब्दांत.

"माझी आई," मी म्हटलं. "दीड वर्षापासून."

डॉक्टर रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडा वेळ रेखाच्या डोक्यावर हात ठेवून बसले आणि म्हणाले, "उद्या त्यांना घेऊन या. सकाळची थुंकी डबीत आणा."

आईच्या थुंकीत जंतू निघाले. पुष्कळ निघाले. नर्सबाई तिला पलीकडच्या खोलीत पहिलं इंजेक्शन द्यायला घेऊन गेल्या, तेव्हा मी डॉक्टरांपुढं एकटीच होते. हे कचेरीत होते.

डॉक्टर मला जे म्हणाले ते मी इथं जसंच्या तसं लिहिते. "आजींना महिना-दीड महिना इंजेक्शन नेमानं मिळालं की धोका पुष्कळ कमी होईल. मग परत थुंकी तपासू. तोवर मुलींना त्यांच्याजवळ झोपवू नका, भांडी वेगळी ठेवा. तुम्हालाही हेच लागू आहे. त्यांना घराबाहेर काढायची काही गरज नाही. म्हातारं माणूस आपल्या माणसांत असलं तर औषध नीट घेतं."

मी विचारलं, "रेखाला हे आईकडून लागलं?"

"तुमच्याकडूनही लागलं असेल," ते म्हणाले. "ते आता कुणाला सांगता येणार नाही."

न सांगितलेलं

संध्याकाळी हे आले. मी त्यांना आईचं आणि रेखाचं सांगितलं. ते बराच वेळ दारातल्या पायरीवर बसून राहिले. मग आत येऊन म्हणाले, "आईंना काही दिवस कुरुंदवाडला पाठवूया. दादा सुया द्यायची सोय करतील. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण पोरीला आणखी काही झालं तर..."

रेखा त्यांच्या मांडीवर होती.

मी काय सांगायला हवं होतं, ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. डॉक्टरांची चार वाक्यं माझ्या जिभेवर होती. ती मी बोलले नाही. मी म्हटलं, "बघू."

का बोलले नाही, याचा मी इतकी वर्षं विचार केला. ह्यांना घाबरून नव्हे. मी थकले होते. माझं औषध, रेखाचं औषध, आईचं औषध, तीन जणांची वेगळी भांडी, त्यात नंदाचा अभ्यास, आणि शाळा. एक माणूस कमी झालं तर जीव जरा मोकळा होईल, असं मला वाटलं. त्या संध्याकाळी मला मुली आणि आई यांतून निवड करायला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ती माझी मीच केली आणि दोष आजारावर ढकलला. माझ्याही छातीत तोच जंतू होता. मला कुणी कुठं पाठवलं नाही.

रोग आईनंच घरात आणला आणि रेखाला तिच्याकडूनच लागला, हे आमच्या घरात न बोलताच ठरून गेलं. 'तुमच्याकडूनही लागलं असेल,' हे डॉक्टरांचं वाक्य मी माझ्यापाशीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, तर आईनं आपली दोन लुगडी पिशवीत भरलेली होती.

"मी जातो कुरुंदवाडला," ती म्हणाली. "दादाच्या पोरांस्नी बघून लई दिस झालं."

"आई, इंजेक्शन..."

"थितं बी दवाखाना हाय की."

रेखा तिच्या लुगड्याला धरून रडायला लागली. आई तिला जवळ घेणार होती. हात पुढं आलेला मी बघितला. मग तिनं तो मागं घेतला, पिशवी उचलली आणि ह्यांच्या मागं स्टँडवर गेली. मी दारात उभी होते. मी फक्त "पत्र टाक" म्हटलं. आईला लिहिता येत नव्हतं.

वॉर्डातले दिवस

आई गेल्यावर आठवड्याच्या आतच मला मोठी उलटी झाली, रक्ताची. मला दवाखान्यात ठेवून घेतलं. सात आठवडे मी तिथं होते.

दिवसाचा क्रम ठरलेला. पहाटे तापमान, मग इंजेक्शन, मग मूठभर मोठ्या गोळ्या, ज्या गिळताना दर वेळी पोटात ढवळायचं. दुपारी दूध आणि अंडं. चार वाजता भेटायची वेळ. माझ्या शेजारच्या खाटेवर कागलची एक शेतकरीण होती, हौसाबाई. ती सुयांच्या जागा चोळत म्हणायची, "अंगाचं पार गोणपाट झालं बघा, बाई. आता ह्यात जोंधळं भरायचं तेवढं ऱ्हायलं." तिच्यामुळं मी त्या सात आठवड्यांत चारदा तरी हसले असेन. रात्रपाळीच्या नर्सबाई माझ्या मुलींची नावं पाठ करून रोज विचारायच्या. अशा माणसांनी मला तगवलं, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं.

पण घरी? ज्या मुलींसाठी आईला पाठवलं, त्यांना बघायला आता कुणीच नव्हतं. कबनूरहून वन्सं आल्या. त्यांच्या घरी कापडाच्या मागाचं काम, त्या दहा दिवसांवर थांबू शकल्या नाहीत. मग नंदानं शाळा सोडली. म्हणजे सोडायला कुणी सांगितलं नाही, ती जायचीच बंद झाली. आठ वर्षांची पोर भात लावायची, रेखाला औषध पाजायची, ह्यांचा डबा भरायची. एका रविवारी ती मला भेटायला खिडकीखाली आली, मुलांना आत सोडत नसत. तिनं उजवा हात पाठीमागं धरला होता.

"हात दाखव," मी वरून म्हटलं.

"काही नाही झालं."

"नंदा, दाखव."

पेज ओतताना भाजलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत. तिनं हात लगेच मागं घेतला आणि म्हणाली, "आजी असती तर तिनं पेज काढली असती." तक्रार नव्हती त्यात. ती मला सांगत होती, की तिला ते नीट येत नाही.

मी खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्याच आठवड्यात एका दुपारी मला गाढ झोप लागली. उठले तर उशाशी केळीच्या पानात बांधलेली चार धपाटी होती. हौसाबाई म्हणाली, "तुमची आई आलती. त्या दारात उभी हुती. मी म्हटलं, उठवतो की. तर म्हणाली, नगो, झोपू दे. तिला घरात झोप कवा मिळती?"

"किती वेळ होती?"

"हुती की बराच येळ. मग येस्टीचा टाईम झाला म्हणून गेली."

कुरुंदवाड

घरी आल्यावर थोडी हिंडूफिरू लागले, तेव्हा एका रविवारी मी एकटीच एस.टी.नं कुरुंदवाडला गेले. माझी थुंकी स्वच्छ आली होती. रेखाची गाठ बसत चालली होती. आईची थुंकीही तिथल्या दवाखान्यात तपासून स्वच्छ आली होती, हे दादानं पत्रात कळवलं होतं.

दादानं तिला परसातली खोली दिली होती. ती दारात बसून शेंगा फोडत होती. अंगावर थोडं मांस चढलं होतं. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? उन्हाचं कशाला आलीस?"

मी तिच्यापुढं बसले. सगळ्या रस्त्यानं वाक्यं जुळवत आले होते, त्यातलं एकही आठवेना.

"आई, तुला एक सांगायचं आहे."

"सांग की."

"डॉक्टर म्हणाले होते, तुला घरातून पाठवायची गरज नाही म्हणून. महिनाभर मुलींना लांब ठेवलं असतं तर चाललं असतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही."

तिचे हात थांबले नाहीत. शेंग फुटल्याचा आवाज होत राहिला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"त्या नर्सबाईनं सुई मारताना सांगितलं हुतं की. आजी, महिनाभर पोरींपासनं जरा लांब ऱ्हावा, मग काय भ्या न्हाय. घरातच ऱ्हावा, म्हणाली."

"मग तू का गेलीस? त्याच वेळी का नाही बोललीस?"

"जावई बोलत हुतं, तवा मी आतल्या खोलीत जागीच हुतो. म्हटलं, लेक सांगंल आता." तिनं सुपातली टरफलं बाजूला केली. "तू सांगितलं न्हाईस. मग कळलं, लेकीला झेपंना झालंय. मग जायाला नगो?"

विहिरीचं पाणी खाली गेलं म्हणून सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. गप्प बस म्हणाली नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "शेंगा घेऊन जा पोरींस्नी. भाजून दे. रेखाला कच्च्या दिऊ नगोस."

"तू चल ना घरी. आजच चल. मी न्यायलाच आलेय."

"आता नगो."

"रागावलीस माझ्यावर?"

"राग न्हाय गं." ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली. "पर पुन्यांदा तिथनं निघायचं बळ न्हाय माझ्यात."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांची ती वाक्यं, आणि आईचं बोलणंही. ते म्हणाले, "मला सांगितलं असतंस, तर मी 'राहू द्या' म्हटलं असतं."

म्हटलं असतं का? मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल. चांगलं वागायची संधी मी त्यांना दिलीच नव्हती.

रेखा आता चौदाची आहे. मानेवर बारीक वण आहे, त्या बाजूला ती वेणी पुढं घेते. नंदाचं एक वर्ष गेलं, ते तिनं पुढं भरून काढलं. मी बरी आहे. शाळेतल्या त्या बाईंना मी उद्या परत भेटणार आहे. डॉक्टर जे सांगतील ते घरातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी सांगा, म्हाताऱ्या माणसालासुद्धा, एवढंच मला त्यांना सांगायचं आहे. थकल्या असाल तर थकले म्हणून सांगा. त्यात लाज नाही.

आई त्यानंतर सहा वर्षं जगली. क्षयानं नाही, वयानं गेली. दर दिवाळीला ती आमच्याकडे यायची. चार दिवस राहायची, मुलींना न्हाऊ घालायची, आणि पाचव्या दिवशी सकाळी आपणच पिशवी भरायला घ्यायची. मी दर वर्षी तिला म्हणायचे, "आई, राहा ना." न चुकता म्हणायचे. ती राहणार नाही, हे ठाऊक होतं. तेव्हा ते म्हणायला मला काहीच मोजावं लागत नव्हतं.